घरमालकांशी बोलणी करण्याआधी: भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे सगळे हिशेब चालू मासिक भाडे १०० धरून केले आहेत. तुमचे खरे भाडे त्या जागी घाला, प्रमाण तेच राहते.

करार पुढे वाढवण्याची बोलणी कधी सुरू करायची?

कराराची मुदत संपायला ९० दिवस असताना तयारीला लागा आणि ६० दिवस असताना घरमालकांना पहिला निरोप द्या. उशीर झाला की दुसरे घर शोधायला वेळ उरत नाही आणि ही गोष्ट समोरच्यालाही कळते. अनेक भाडेकरू घरमालकांचा फोन यायची वाट बघत बसतात. फोन येतो तो मुदत संपायच्या आठवड्यात, वाढीव आकडा घेऊनच, आणि मग होकार देण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

करारातले नोटिशीचे कलम सगळ्यात आधी वाचा. नोटीस एका महिन्याची असेल, तर तुमचा शेवटचा दिवस मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच येतो, कारण त्या तारखेनंतर ‘जमत नसेल तर सोडतो’ म्हणायला तुमच्याकडे मोकळीक नसते. काही करारांत ‘दोघांपैकी कोणी लेखी कळवले नाही तर करार आपोआप पुढे चालू’ असे कलम असते. तसे असेल तर त्यातली तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

करार वाचताना नेमके काय बघायचे?

पेन्सिल घेऊन बसा आणि या गोष्टींखाली रेघ मारा: मुदत, लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही), दोन्ही बाजूंची नोटीस, भाडेवाढीचे कलम, अनामतीची रक्कम आणि ती परत करण्याची मुदत, दुरुस्ती कोणी करायची, मेंटेनन्स कोणाकडे, घर बघायला येण्याआधी किती तास कळवायचे.

भाडेवाढीच्या कलमाशी जास्त वेळ थांबा. ‘दरवर्षी १० टक्के’ ही वाढ दर वेळी वाढलेल्या भाड्यावर लागते. १०० चे ११०, मग १२१, आणि तिसऱ्या वाढीनंतर १३३.१. दरवर्षी ५ टक्के असेल तर तिसऱ्या वाढीनंतर ११५.७६. वाढ महागाई निर्देशांकाला जोडलेली असेल तर एक चूक सर्रास होते. निर्देशांक १८० वरून १८९ झाला, तर वाढ ९ अंकांची असली तरी टक्क्यांत ती ५ च आहे. १८९ ला १८० ने भागा आणि जुन्या भाड्याला गुणा. नऊ टक्के लावून आलेले पत्र याच हिशेबाने दुरुस्त करून परत पाठवता येते.

कायदा माझ्या बाजूने आहे का, हे कसे पाहू?

भाड्याचे कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, आणि तो फरक किरकोळ नाही. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्यानुसार बहुतेक घरांसाठी ५ आठवड्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी ही मर्यादा २ महिन्यांची आहे, पण तो ज्या राज्यांनी स्वीकारला तिथेच चालतो. जर्मनीत चालू करारातले भाडे परिसरातल्या तुल्य भाड्यापर्यंत वाढवतानासुद्धा ३ वर्षांत २० टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही, आणि घरांच्या टंचाईचे म्हणून ठरवलेल्या भागांत तर १५ टक्केच.

म्हणून दुसऱ्या शहरातल्या मित्राचा अनुभव स्वतःच्या घराला लावू नका. तुमच्या ठिकाणचे चार नियम शोधा: वाढीची कमाल मर्यादा, वाढीची नोटीस किती दिवसांची, अनामतीची मर्यादा, आणि घर रिकामे करायला लावण्याची रीत. बोलताना कायद्याचा धाक मात्र घालू नका. मर्यादा ओलांडली जात असेल तरच तो शांतपणे पुढे ठेवा.

मी घर सोडले तर घरमालकांचे काय जाते?

संपूर्ण बोलण्यांचा कणा हाच हिशेब आहे. कागदावर करा, तोंडी नको.

घरमालकांना १०० चे ११० हवे आहेत. तुम्ही निघून गेलात आणि घर फक्त एक महिना रिकामे राहिले, तर वर्षात त्यांच्या हाती येतात ११० गुणिले ११, म्हणजे १२१०. तुम्ही जुन्याच भाड्याने राहिला असतात तर १२०० आले असते. दहा टक्के वाढीचा सगळा फायदा दहावर आला, आणि त्यातून अजून रंगकाम, साफसफाई, एजंटची फी जायचीच आहे. दोन महिने रिकामे राहिले तर ११००, म्हणजे सरळ तोटा. तुमच्याशी १०५ वर ठरले असते तर १२६०.

रिकामा गेलेला प्रत्येक महिना वर्षाच्या भाड्यातले ८.३३ टक्के घेऊन जातो. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुरे.

एक पथ्य पाळा: परिसरात घरे रिकामी होताच दोन-चार दिवसांत जात असतील तर हा हिशेब तुमच्या बाजूने तितका बोलत नाही. तेव्हा त्यात एका महिन्याऐवजी दहा दिवस धरा. स्वतःला खूश करणारा हिशेब बोलण्यांत पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

आणि माझे काय जाते?

तेवढ्याच प्रामाणिकपणे मोजा. सामानाची वाहतूक, बांधाबांध, एजंट, नव्या घराची जास्तीची अनामत, दोन्ही घरांचे भाडे एकाच वेळी भरावे लागणारे दिवस, पडदे-पंखे-गीझर काढून पुन्हा बसवणे, पत्ताबदल, बुडालेले कामाचे दिवस. समजा हे सगळे मिळून १५० झाले. भाडेवाढ महिन्याला १० आहे आणि दुसरे तसेच घर १०० ला मिळते आहे. १५० भागिले १०, म्हणजे १५ महिने. त्याहून कमी काळ राहायचे असेल तर वाढ देऊन राहणे स्वस्त, जास्त राहायचे असेल तर घर बदलणे स्वस्त. पैशांपुरतेच म्हणतो आहोत. मुलांची शाळा, घरातले वयस्क माणूस, कामाचे अंतर यांना आकडा नसतो, पण त्यांचे वजन तुम्हालाच ठरवायचे आहे.

यानंतर तीन आकडे लिहून ठेवा: पहिला मागायचा, दुसरा समाधानाचा, तिसरा ज्याच्या वर जायचेच नाही. तिसरा आकडा बोलणी सुरू व्हायच्या आधी घरातल्यांशी ठरवा, कारण समोर बसल्यावर तो हमखास वर सरकतो.

आजूबाजूचे भाडे कसे तपासायचे?

आठ ते दहा घरे गोळा करा. परिसर, खोल्या, मजला, लिफ्ट, पार्किंग, फर्निचर, इमारतीचे वय, पाण्याची वेळ, सगळे एका तक्त्यात. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, ठरलेला नव्हे. म्हणून त्यांतली दोन-तीन घरे शेवटी कितीला गेली हे सुरक्षारक्षक, शेजारी किंवा एजंटकडून विचारून घ्या. महिनाभराहून जास्त दिवस झळकणारी जाहिरात हाही पुरावाच आहे: त्या भाड्याला तिथे कोणी जात नाही.

सगळ्यात मोठी फसगत क्षेत्रफळात होते. समजा तुमच्या घराचे भिंतीपासून भिंतीपर्यंतचे आतले माप ६०० चौरस फूट आहे आणि भाडे १००. शेजारच्या इमारतीतले घर ‘८००’ चे आहे आणि भाडे १२०. वरवर बघता दर शंभर फुटांना तुम्ही १६.६७ देता आणि ते १५, म्हणजे तुम्हीच महाग. पण त्या ८०० मध्ये जिना, लिफ्टसमोरची जागा, बाहेरच्या भिंती धरल्या असतील आणि आतले माप ६०० च असेल, तर त्यांचा दर २० झाला. तुमची अख्खी बाजू एका शब्दामुळे उलटली असती. प्रत्येक घराचे ‘कार्पेट’, म्हणजे हे आतले माप, किती हेच विचारा. स्वतःचे घर मेजरिंग टेपने मोजा, त्याला अर्धा तासही लागत नाही.

दुरुस्तीची कामे बोलण्यांत आणावीत का?

आणावीत, पण तीन गटांत वेगळी करून. पहिला गट जिवाशी संबंधित: झटका देणारी वायरिंग, गॅसचा वास, न लागणारे मुख्य दाराचे कुलूप, सुटत आलेला छताचा गिलावा. ही कामे सवलत म्हणून मागूच नका. ‘भाडे वाढवा, मग वायरिंग करतो’ असा सौदा मान्य करू नका. ती कामे भाडे घेण्याच्या बदल्यातच यायला हवीत आणि त्यांचे पत्र वेगळे, लगेच, करार संपण्याची वाट न बघता गेले पाहिजे. दुसरा गट गैरसोयीचा: गळके नळ, न सरकणारी खिडकी, बंद पडलेला एक्झॉस्ट. तिसरा हौसेचा: नवा रंग, मॉड्युलर किचन. दुसऱ्या-तिसऱ्या गटातच देवाणघेवाण होते.

ओल आहे, पण घरमालक म्हणतात तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून आहे. सिद्ध कसे करायचे?

हा वाद इतक्या घरांत होतो की त्यावर सविस्तर लिहायला हवे.

आधी डागाची कड पेन्सिलने आखा, रेषेशेजारी तारीख लिहा, पट्टी किंवा टेप भिंतीला लावून फोटो काढा. पंधरा दिवसांनी पुन्हा कड आखा. दोन-तीन रेषा एकाबाहेर एक दिसल्या की डाग वाढतो आहे हे सांगावे लागत नाही. पाऊस पडला, वरच्या मजल्यावर धुणे झाले, तर त्या दिवसाची नोंद शेजारी ठेवा.

मग फॉइलची चाचणी. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा साधारण ३० सेंटिमीटर चौकोन कापा. भिंतीचा तो भाग वरून पुसून कोरडा करा आणि फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, कुठेही हवा शिरता कामा नये. दोन दिवस तसेच ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर थेंब जमले तर खोलीतल्या हवेतला दमटपणा गार भिंतीवर बसतो आहे, आणि हवा खेळती ठेवण्याचा मुद्दा खरा आहे. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येते आहे: पाइप, बाहेरची भेग किंवा जमिनीतून चढणारी ओल. दोन्ही बाजू ओल्या असतील तर दोन्ही कारणे आहेत. टेप नीट न चिकटणे ही इथली नेहमीची चूक. कड सुटली की खोलीतली हवा आत शिरते आणि निष्कर्ष चुकतो. फॉइल काढतानाचा छोटा व्हिडिओ करून ठेवा.

निकाल तुमच्या विरुद्ध गेला तरी लपवू नका. घरमालकांना सांगा आणि बाथरूम-स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवून मागा. खरे बोलणाऱ्या भाडेकरूची पुढची तक्रार लवकर ऐकली जाते.

दुरुस्ती होईपर्यंत भाडे थांबवू का?

नाही. कायद्याने स्पष्ट मुभा असल्याशिवाय आणि जाणकार वकिलाला विचारल्याशिवाय अजिबात नाही. भाडे थांबले त्या दिवशी थकबाकीदार तुम्ही ठरता आणि ओलीचा विषय मागे पडतो. भाडे वेळेवर, बँकेतून भरत राहा आणि तक्रार लेखी चालू ठेवा.

पहिला आकडा कोणी सांगायचा?

तक्ता तयार असेल तर तुम्ही. पहिला आकडा पुढच्या सगळ्या आकड्यांना आपल्याकडे ओढतो. १९७४ साली आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी याचा एक गाजलेला प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचे चक्र फिरवले, ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय होती. मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील असे विचारले. १० बघणाऱ्यांच्या अंदाजांचा मध्य २५ होता, ६५ बघणाऱ्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता, तरीही.

तुमचा आकडा मात्र तक्त्याने पेलला पाहिजे. मनात येईल तो सांगितलात तर पुढचे कोणी गांभीर्याने घेत नाही.

घरमालकांनी आधी सांगितला तर त्यावर घासाघीस सुरू करू नका. एवढेच विचारा: ‘हा आकडा कशावरून काढलात?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा. शांतता अवघड वाटते म्हणून अनेक जण मध्येच स्वतःहून ‘बरं, थोडं वाढवतो’ म्हणून टाकतात.

भाडे कमी होत नसेल तर दुसरे काय मागता येते?

बरेच काही. लांब मुदत आणि त्या काळात ठरलेली वाढ, लॉक-इन कमी, वाढ तीन महिने उशिरा लागू, मेंटेनन्स भाड्यातच, दुसऱ्या गटातली दुरुस्ती ठरलेल्या तारखेपर्यंत. बदल्यात तुमच्याकडेही देण्यासारखे असते: महिन्याच्या १ तारखेला बँकेतून आपोआप जाणारे भाडे, दोन वर्षे राहण्याची हमी, ठरावीक रकमेच्या आतली किरकोळ दुरुस्ती स्वतः करणे. जास्तीची अनामत सहसा देऊ करू नका. ती परत मिळवताना जो त्रास होतो त्यापुढे मिळालेली सूट फिकी पडते. पावतीशिवाय रोख तर कधीच नको.

‘एक महिना फुकट’ ही सवलत जपून घ्या. भाडे ११० आणि बारातला एक महिना माफ, म्हणजे वर्षाला १२१०. सरळ १०१ भाडे ठरले तर १२१२. दिसायला सारखेच. पण पुढच्या वर्षीची दहा टक्के वाढ पहिल्यात ११० वर लागून १२१ होते, दुसऱ्यात १११.१. अनामत भाड्याच्या पटीत असेल तर तीही ११० च्या हिशेबाने. पैसे तेवढेच वाचत असतील तर कमी भाड्यालाच हो म्हणा.

निरोप कसा लिहायचा?

छोटा आणि तारखांसह. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. आपल्या घराचा करार अमुक तारखेला संपतो आहे. आम्हाला पुढची दोन वर्षे इथेच राहायला आवडेल. आजवरचे सर्व भाडे ठरलेल्या तारखेला दिले आहे. परिसरातल्या याच मापाच्या आठ घरांची भाडी सोबतच्या तक्त्यात आहेत. त्या आधारे १०३ भाडे आणि बाथरूममधल्या गळतीचे काम असा आमचा प्रस्ताव आहे. येत्या शनिवारी किंवा रविवारी आपल्या सोयीने भेटू शकतो.’

पगार पुरत नाही, घरात अडचण आहे, हे पहिल्या निरोपात नको. ते खरे असते आणि सांगण्यात कमीपणा काहीच नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात ‘भाडे थकणार का?’ हा प्रश्न आधी उभा राहतो.

तोंडी ठरले ते पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. त्याच संध्याकाळी मेसेज करा: ‘आज ठरल्याप्रमाणे भाडे अमुक तारखेपासून १०४, गळतीचे काम १५ दिवसांत, बाकी अटी जुन्याच. काही राहिले असेल तर कळवा.’ मग ते पुरवणी करारात आणा. मध्ये एजंट असेल तर हाच मेसेज घरमालकांनाही जाऊ द्या. एजंटची फी व्यवहार होण्यावर अवलंबून असते, त्यामुळे दोन्हीकडे थोडे गोड बोलले जाते आणि ‘मी तर असे म्हटलेच नव्हते’ ही वेळ तुमच्यावर येते.

दोन महिन्यांचे भाडे थकले आहे. तरीही बोलता येईल का?

घरमालकांनी विचारायच्या आधी तुम्हीच बोला. थकबाकी २०० असेल तर ती ८ हप्त्यांत, चालू भाड्यासोबत २५ जास्त, म्हणजे महिन्याला १२५ असा लेखी प्रस्ताव द्या. पेलवेल तोच हप्ता सांगा. ५० चा कबूल करून दुसऱ्याच महिन्यात चुकवण्यापेक्षा २५ चा न चुकता देणे कितीतरी बरे, कारण एकदा मोडलेल्या शब्दानंतर पुढची मुदत मिळत नाही. आणि प्रत्येक रक्कम आधी चालू भाड्यात जमा होणार की जुन्या बाकीत, हे लिहून घ्या. ते लिहिले नसेल तर प्रत्येक महिन्याचे भाडे ‘उशिरा’ ठरून त्यावर दंड लागत राहू शकतो.

अनामतीतून पूर्ण रंगाचे पैसे कापणार म्हणतात. हे बरोबर आहे का?

नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाने उतरलेला रंग, फोटोच्या खिळ्याची बारीक भोके, दारापाशी झिजलेली फरशी ही झीज. फुटलेले बेसिन, जळालेला ओटा, भिंतभर खडूच्या रेघा हे नुकसान. नुकसान असले तरी वस्तूचे उरलेले आयुष्यच मोजायचे. रंगाचे आयुष्य पाच वर्षे धरले, तुम्ही नव्या रंगाच्या घरात आलात आणि तीन वर्षे राहिलात, तर उरले दोन-पंचमांश. म्हणजे त्या एका भिंतीच्या खर्चातले ४० टक्के तुमचे, संपूर्ण घराचे १०० टक्के नव्हे.

हे सांगायला प्रवेशाच्या दिवसाचे फोटो लागतात. तेव्हा काढले नसतील तर आता, करार नव्याने करताना, दोघांनी मिळून घरभर फिरा, खोलीवार यादी करा, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि ती यादी नव्या कराराला जोडा. पलंगामागची भिंत, सिंकखालचे कपाट आणि खिडकीच्या चौकटीची खालची कड बघायची राहून जाते. वाद बहुतेक वेळा तिथलेच असतात.